गाडी उजवीकडे का ओढते?

या पानावर आपण मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटार अशी घरातली दुरुस्तीची कामं पाहत आलो. या वेळचं काम जोखमीचं आहे. शिवाय बिघाड माझ्याच हातून झालेला आहे, त्यामुळे आधी कबुली आणि मग कृती असा क्रम ठेवतो.

आमच्याकडे एक जुनी छोटी गाडी आहे, दुसऱ्याकडून घेतलेली. तळेगाव ढमढेऱ्यातून पुण्याला जायला एसटी आहे, पण अम्मीला डोळ्यांच्या तपासणीला महिन्यातून दोनदा न्यावं लागतं आणि औषध घातलेल्या डोळ्यांनी तिला बसमध्ये चढवणं-उतरवणं फार जिकिरीचं होतं. माझी शाळा असते, म्हणून गाडी बहुतेक वेळा माझी पत्नी चालवते. शिक्रापूरला जायचं, तिथून पुणे-नगर रस्ता धरायचा. रांजणगावच्या कारखान्यांचे ट्रक आणि कंटेनर त्या रस्त्याला कायमच असतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा ती म्हणाली, "ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे जाते." मी वह्या तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, "रस्त्याला उतार असतो. स्टेअरिंग नीट धरत जा." पंधरा दिवसांनी ती पुन्हा तेच म्हणाली. मी टायरमधली हवा तपासली, सारखी केली आणि काम झालं असं स्वतःला सांगितलं. वर्गात एखादं पोर "सर, फळ्यावर काना राहिला" म्हणालं तर मी लगेच वळून पाहतो. घरात पाहिलं नाही.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्या आमच्या भागात संध्याकाळी किती असतात ते शिरूर-दौंडकडच्या वाचकांना सांगायला नको. मगरिबच्या सुमारास ती अम्मीला घेऊन परत येत होती. पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक दिसली. तिने जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण सरळ नाही. पुढचं उजवं चाक मधल्या रेषेच्या पलीकडे गेलं आणि समोरून येणारा टेम्पो हॉर्न वाजवत, कच्च्या पट्ट्यावर उतरून निघून गेला. कुणाला काही झालं नाही, अल्लाहचा शुक्र. घरी आल्यावर तिने चावी माझ्या वह्यांवर ठेवली आणि म्हणाली, "आता तुम्हीच चालवा." अम्मी काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या रस्त्यावर गाडी तीन-चार किलोमीटर हळू चालवली, ब्रेक फारसा न वापरता. परत आल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली. रिमला हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. तीन चाकं कोमट होती. पुढच्या डाव्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती आणि करपल्याचा वास येत होता. ही परीक्षा कुणालाही करता येते, गाडीखाली वाकावंही लागत नाही.

आता हे चाक तापतं का आणि गाडी उजवीकडे का जाते, ते समजून घेऊ. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड दाबतात, चिमट्यात पापड धरावा तसे. या चिमट्याचं नाव कॅलिपर. युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं, पण त्याचं खरं नाव झालं १९५३ साली, फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली तेव्हा. आपल्या छोट्या गाड्यांत जो कॅलिपर असतो तो स्वस्तातला आणि हलका, सरकता प्रकार. त्यात दाबणारा पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. पिस्टन आतला पॅड तबकडीवर दाबतो आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकून बाहेरचा पॅडही ओढून आणतो. हा कॅलिपर सरकतो दोन पिनांवर. करंगळीएवढ्या जाडीच्या गुळगुळीत पिना, ब्रॅकेटच्या भोकात बसलेल्या, तोंडाशी रबरी बूट घातलेला. सगळा खेळ या दोन पिना भोकात मोकळ्या सरकण्यावर आहे.

पिन अडकली की दोन गोष्टी होतात. ब्रेक दाबल्यावर त्या चाकाचे पॅड नीट चिमटत नाहीत, म्हणून तिथला ब्रेक कमी लागतो आणि गाडी दुसऱ्या, म्हणजे चांगल्या ब्रेकच्या बाजूला ओढली जाते. आणि पाय काढल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही, म्हणून पॅड तबकडीला घासतच राहतो, चाक तापतं, पेट्रोलही जास्त जातं. आमचं डावं चाक अडकलेलं, म्हणून गाडी उजवीकडे जात होती. आपल्याकडे उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या अंगावर. पत्नीने दोनदा सांगितलं होतं ते याहून अचूक कोणी मेकॅनिकही सांगू शकला नसता.

रविवारी काम काढलं. जागा सपाट आणि टणक हवी. आमच्या अंगणात फरशीचा तुकडा आहे तिथे गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, नंतर जॅक. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली किंवा चाकाच्या कमानीत अंग घालू नका. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. लोखंडी स्टँड लावा, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. विटा रचू नका, वीट भार आला की न सांगता फुटते.

चाक निघाल्यावर मुलगी टॉर्च घेऊन बसली. दहावीत आहे, अभ्यास टाळायला कोणतंही काम चालतं. बाहेरचा पॅड चांगला जाड दिसत होता. पुष्कळ जण इथेच फसतात, चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड पाहून 'अजून चालेल' म्हणतात. कॅलिपरचे दोन बोल्ट काढले (गाडीप्रमाणे बहुधा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो), कॅलिपर उचलला आणि तारेने वर स्प्रिंगला बांधला. ब्रेकच्या रबरी पाइपवर तो लोंबकळू द्यायचा नाही, पाइप आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. मग आतला पॅड काढला. एका टोकाला दोन मिलिमीटरही उरला नव्हता, दुसऱ्या टोकाला पाच-सहा. पाचर घासावी तसा तिरपा. पॅडचा घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या खाली गेला की बदलावा, हा साधारण हिशोब लक्षात ठेवा. तिरपा घासलेला पॅड म्हणजे दोनातली एक पिन अडकली आहे असं बहुतेक वेळा समजावं.

वरची पिन बोटाने आतबाहेर झाली. खालची पकडून मुलगी म्हणाली, "अब्बू, ये तो हिलताच नै."

अशा वेळी पहिला मोह हातोडीचा होतो. माझाही झाला. पण पिन बंद भोकात बसलेली असते, पलीकडून ठोकायला जागाच नाही, आणि बाहेरून पक्कडीने ओढली तर पिनेचा गुळगुळीत पृष्ठभाग ओरखडतो, कधी टोकच तुटतं. मग ब्रॅकेट गेलं. म्हणून ओढायचं नाही, फिरवायचं. आधी मी मागचे दोन मोठे बोल्ट काढून ब्रॅकेटच सोडवलं आणि ओट्यावर आणलं. हे बोल्ट फार घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागतो. पण ब्रॅकेट हातात आलं की काम निम्मं सोपं होतं, आणि तेलाचे थेंब तबकडीवर पडायची भीती राहत नाही.

फाटलेला रबरी बूट काढला. आत उसाच्या रस्त्याची माती आणि काळपट चिकट लगदा. पिनेच्या कडेने गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर ठेवलं. (वर्गात मी मुलांना हा शब्द मुद्दाम सांगतो. मराठीत गंज म्हणजे लोखंडाला खाणारी गोष्ट आणि उर्दूत गंज म्हणजे खजिना. त्या दिवशी आमच्या वाट्याला मराठी गंज आला.) सोमवारी शाळेतून आल्यावर पिनेच्या डोक्याच्या चपट्या बाजूंवर पाना लावला आणि हळू जोर दिला. एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट. काही नाही. पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबणं.

पुष्कळ मेकॅनिक या टप्प्याला ब्रॅकेट गॅसच्या ज्योतीने तापवतात. लोखंड प्रसरण पावतं, भोक किंचित मोठं होतं, पिन सुटते. पद्धत बरोबर आहे, पण घरी करू नये असं माझं मत आहे. स्प्रे पेट घेतो, आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतं, ते तापल्यावर विषारी वायू तयार होतो. आम्ही त्याऐवजी अम्मीची टाकून दिलेली देगची घेतली, पाणी खळखळून उकळलं आणि ब्रॅकेट त्यात दहा मिनिटं बुडवलं. उकळत्या पाण्याने लोखंड फारसं फुगत नाही, पण आतला वाळलेला ग्रीसचा लगदा मऊ होतो. जाड हातमोजे घालून ते बाहेर काढलं, पाना लावला, आणि पिन केसभर फिरली. फिरली म्हटल्यावर घाई करायची नाही. इकडे थोडी, तिकडे थोडी, मध्ये एखादा थेंब तेल, असं करत अर्धा तास गेला. पूर्ण गोल फिरायला लागल्यावर फिरवता फिरवता ओढायची. बंद भोकात मागे हवा नसते, पोकळीमुळे पिन आत ओढल्यासारखी वाटते, म्हणून सावकाश. शेवटी ती सुटली तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या आणि अम्मीने आतून विचारलं, काय फुटलं?

पिन हातात घेतल्यावर माझी चूक दिसली. खालच्या पिनेच्या टोकाला एक छोटं रबरी नळकांडं असतं. ते फुगून मऊ, चिकट झालं होतं आणि भोकात बुचासारखं बसलं होतं. गंज वरवरचा होता, खरा अडसर हे फुगलेलं रबर. आणि ते फुगलं कशाने? गेल्या वर्षी पॅड बदलताना मीच पिनांना ग्रीस लावलं होतं. शेजारच्या ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं, बेअरिंगचं, साधं खनिज तेलाचं ग्रीस. 'ग्रीस ते ग्रीस' म्हणून बोटभर चोपडलं होतं.

ब्रेकमधलं रबर वेगळं असतं. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नाहीच, ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. त्यात टिकावं म्हणून ब्रेकचं रबर बहुधा ईपीडीएम नावाचं असतं. ते ग्लायकॉलला दाद देत नाही, पण पेट्रोलियमपासून निघालेलं तेल किंवा ग्रीस लागलं की फुगतं, मऊ पडतं, शेवटी फाटतं. म्हणून पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, ट्यूबमध्ये मिळतं. गंज सोडवायचा स्प्रेही खनिज तेलाचाच, त्यामुळे तो मारल्यावर जुनी रबरं परत वापरायची नाहीत आणि भोक ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवायचं. इंजिन ऑइल, खोबरेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल यातलं काहीही तिथे चालत नाही. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

बुधवारी अम्मीची तपासणी होती. गाडी अजून ओट्यावर अर्धवट, मग दोघी एसटीने गेल्या. मी शिक्रापूरला जाऊन पिनांचं किट (दोन्ही पिना, बूट, रबरी नळकांडं), ग्रीसची ट्यूब आणि पॅडचा पूर्ण संच आणला. पॅड एकाच चाकाचे बदलायचे नाहीत, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर डावं-उजवं पुन्हा बिघडतं. दुकानदाराला गाडीचं वर्ष सांगा, जमल्यास जुनी पिन दाखवा. वरची आणि खालची पिन दिसायला सारखी, पण एकीच्या टोकाला नळकांडं असतं आणि अदलाबदल चालत नाही. काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवला की वाद राहत नाही.

भोक साफ करताना पातळ सळईला कापड गुंडाळून फिरवलं, मग छोटा पितळी ब्रश. ड्रिल घालून भोक मोठं करायचं नाही. पॅडची धूळ तोंडाने फुंकू नका आणि हवेच्या पंपाने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या कापडाने पुसा, कापड टाकून द्या. पिनेला ग्रीसचा पातळ थर पुरे. भोकात भरपूर भरलं तर आत हवा कोंडते आणि ढकललेली पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. दाबली तिथे थांबली, ओढली की अलगद आली, मग बरोबर.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने हळू दाबला. त्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळीवर लक्ष ठेवलं, ते वर चढतं आणि सांडलं तर गाडीचा रंग उडवतं. काम झाल्यावर झाकण लगेच बंद, कारण हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ३ सुमारे २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास, आणि तापलेल्या चाकाजवळ ते उकळलं की पेडल खाली जातं.

आता ज्या गोष्टी घरी करायच्या नाहीत त्या. पिस्टन मागे जात नसेल, त्याच्या कडेने द्रव पाझरत असेल, रबरी पाइपला चिरा असतील, बोल्टचे आटे गेले असतील किंवा तबकडीवर नख अडकेल असे खोल चरे असतील, तर तिथेच थांबा आणि ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी चालवत नेऊ नका. पैसे वाचवणं ठीक, पण ब्रेकचं काम पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी असलेला बरा. माझ्याही शेजारी गेल्या वर्षी तो असता तर त्याने तो ग्रीसचा डबा माझ्या हातातून काढून घेतला असता. आणि बोल्ट किती घट्ट करायचे ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ताकदीच्या अंदाजावर सोडू नका. मी शाळेजवळच्या गॅरेजमधून टॉर्क पाना तासाभरासाठी मागून आणला.

उजव्या चाकाच्याही पिना उघडल्या. तिथेही माझंच ग्रीस होतं, नळकांडं फुगायला लागलं होतं. तिलाही नवं किट.

सगळं जोडल्यावर, चाकं बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक होईपर्यंत. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. मी चावी घेतली तर पत्नीने हात पुढे केला. मी शेजारी बसलो. पहाटेची वेळ, वेळ नदीकडे जाणारा रस्ता रिकामा. तिने आधी दहाच्या वेगाने ब्रेक दाबला, मग वीस, मग चाळीसवरून. शेवटच्या वेळी तिने स्टेअरिंगवरची पकड मुद्दाम सैल केली. गाडी सरळ थांबली.

"आता ठीक आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "क्लच दाबताना खालून कुरकुर ऐकू येते. तीन आठवडे झाले."

या वेळी मी खाली उतरून पाहिलं. तार कोरडी पडली आहे. पुढच्या महिन्यात त्याबद्दल.